अप्पांचे पाय आणि शेवटचा किल्ला

रोज दुपारी साडेतीनच्या सुमारास आमच्या अंगणात एक सत्तरीचा माणूस धावत यायचा. एका हातात धोतराचा सोगा, दुसऱ्या हातात टीव्ही गेमचा रिमोट, आणि त्या रिमोटची उपटलेली वायर मागून फरफटत. कडुनिंबाखाली पोचला की ओरडायचा, "भाईर! समदे भाईर या!" कुणी यायचं नाही. वरच्या मजल्यावरची पोरं फिजिक्सच्या पुस्तकातून डोकंसुद्धा वर काढायची नाहीत. मग तो माणूस जमिनीकडं बघायचा, स्वतःच्या पायांना एक ठेवणीतली शिवी द्यायचा आणि गुमान आत जायचा.

हे आमचे घरमालक, गुरलिंगअप्पा.

मी लातूरला एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतो. तेव्हा दिवसाला पाच बॅचेस होत्या. पाचव्या बॅचला कुणी माझं नाव विचारलं असतं तर फळ्यावर बघून सांगितलं असतं. दुपारी दोन ते चार एवढाच काय तो पाठ टेकायला वेळ, आणि नेमकी तीच अप्पांची खेळायची वेळ. भिंतीला भिंत लागून. त्या गेमचं टिंगटिंग संगीत मला अजून झोपेत ऐकू येतं.

अप्पांचं गाव भूकंपात गेलं. पुढं लातूरला शिकायला पोरांची रीघ लागली तशी अप्पांनी इथं तीन मजले चढवून खोल्या काढल्या. पण एकाही खोलीला आतून कडी नाही. "कडी अडकली म्हंजे मंग?" एवढंच ते विचारत. स्वतः मात्र त्या इमारतीत एक रात्र झोपले नाहीत. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बाज टाकून असायचे. मी एकदा म्हटलं, "अप्पा, उन्हाळ्यात भाजून निघाल की." तर म्हणाले, "पत्रा पडला तर खोक पडंल, सर. स्लॅब पडला तर माणूस सपाट."

त्यांचं एक पालुपद होतं, "पाय आधी, माणूस मागून." क्लास अर्धवट टाकून गावाकडं पळालेल्या पोराला तेच, आणि गिऱ्हाईक हाक मारत असताना गाडा पुढं ढकलणाऱ्या भाजीवाल्यालाही तेच. अप्पांचं हे काहीतरीच, असं समजून मी मान हलवायचो.

आता हा गेम अप्पांकडं आला कसा? जळकोटचे एक वडील पोराला बारावीसाठी खोलीवर सोडायला आले. पोराच्या गादीच्या वळकटीत हा गेम निघाला. त्यांनी तिथंच पोराच्या पाठीत एक धपाटा घातला आणि गेम अप्पांच्या हवाली केला. "परीक्षा होईस्तवर कुलपात ठेवा." अप्पांनी ठेवलाही. पण चालू वस्तू आहे का बंद, हे बघायला नको का? म्हणून एकदा टीव्हीला जोडून बघितला. पोरगं परीक्षा देऊन नांदेडच्या कॉलेजात गेलं, गेम न्यायचं विसरलं, आणि अप्पांचं बघणं काही संपलं नाही.

टीव्ही स्लॅबच्या खोलीत, आमच्या शेजारी. शेडमध्ये तो तापायचा. अप्पा दाराजवळ, एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून बसायचे. गेममधला बुटका गडी फळ्यांवरून उड्या मारत, आगीचे खड्डे ओलांडत आठ किल्ले पार करायचा. मेला की पुन्हा पहिल्यापासून. त्यात चार वाजता लाईट जायची, ती वेगळीच. शेवटच्या किल्ल्यात गदा घेतलेला एक राक्षस असायचा. अप्पा त्याला 'जमादार' म्हणत. त्याच्या मागं गजांची खिडकी, आणि खिडकीत हात वरखाली करणारी एक चिमुकली बाई. तिला सोडवलं की गेम संपला.

जमादाराने उडी मारली की सगळा टीव्ही हादरायचा. तेव्हा गड्याने मागं न पळता थांबून त्याच्या खालून निसटायचं. जाता जाता जळकोटच्या पोराने बजावलं होतं, "अप्पा, मागं सरायचं न्हाई. थांबला तो जिंकला." पण पडदा हादरला की अप्पा अंगणात. आत गडी एकटाच उभा राहून मार खायचा.

मी लई हसायचो. झोपमोडीचा राग असा निघायचा. बायकोलाही सांगायचो, "सुमन, बघ, आला तुझा भूकंप." ती हसायची नाही.

एक दिवस लाईट गेली आणि अप्पा कडुनिंबाखाली बसून राहिले. माझी झोप उडालेलीच होती. विचारलं, "अप्पा, त्या बाईचं एवढं काय घेऊन बसलात? राहू द्या की आत."

अप्पा म्हणाले, "तुम्ही हसता, हसा, सर. त्या दिशी पहाटं जमीन हालली अन् पाय पळाले. मी झोपेतच होतो. अंगणात आल्यावर जागा झालो बगा. कारभारीण आतच. मागं वळलो तवर घर न्हवतं." त्यांनी धोतरावरून गुडघे चोळले. "मला सांगा, मी पळालो का पाय पळाले?"

मी त्यांच्या शेजारी खाली बसलो.

"आता कारभारणीला काय करायचं त्या गेमचं," अप्पा म्हणाले. "मला एकदा थांबून बगायचंय. निस्तं थांबून."

त्या दिवसानंतर मी हसणं सोडलं. साडेतीनला जाग आली तरी पडून राहायचो आणि मनात म्हणायचो, थांबा, अप्पा, आज थांबा. अप्पा थांबायचे नाहीत.

आणि एका मंगळवारी खरंच हाललं.

मी अर्धवट झोपेत होतो. मांडणीवरची भांडी वाजली, आणि पुढचं कळलं तेव्हा मी कडुनिंबाखाली होतो. वरची पोरं दाणदाण खाली आली. कुणी बनियनवर, कुणी तोंडाला साबण. दोन मिनिटांत अंगण भरलं. सवयीने मी आधी अप्पांना शोधलं, कारण पळण्यात त्यांचा पहिला नंबर. अप्पा नव्हते.

मग आठवलं की सुमनही नाही.

सुमनचे गुडघे धरलेले. खाली बसली की उठायला भिंत लागते. ती स्वयंपाकघरात जमिनीवर ज्वारी निवडत बसली होती, आणि तिला ओलांडून मी बाहेर आलो होतो. मी तिच्या नावाने ओरडलो. ओरडलो फक्त. पाय जागचे हलले नाहीत.

तेवढ्यात दारात अप्पा दिसले. सुमनचा हात त्यांनी खांद्यावर घेतला होता आणि तिला म्हणत होते, "हळू, ताई, हळू. घाई न्हाई काई." दोघं एकेक पायरी उतरत आले.

पडलं काहीच नाही. एक पातेलं तेवढं घरंगळलं. घटकाभराने पोरं वर गेली, सुमनने चहा केला. पहिला कप अप्पांचा. माझा कप ओट्यावर ठेवून ती पुन्हा ज्वारीपाशी बसली.

अप्पांचा चहा मीच घेऊन गेलो. शेजारच्या खोलीत ते टीव्हीपुढं होते, टीव्ही चालूच होता. गडी जमादाराचा मार खाऊन आडवा पडला होता, आणि खिडकीतली बाई अजून हात वरखाली करत होती. अप्पांनी उठून बटण बंद केलं. "हिचं उद्या बगू."

मग बसले आणि दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून रडायला लागले. "आज ऐकलं, सर," ते म्हणाले. "आज पायांनी ऐकलं माझं."

मी चहा त्यांच्यापुढं ठेवला आणि उंबऱ्यावर बसलो. माझे पाय अनवाणीच होते, अंगणातल्या मातीने भरलेले. तसेच घेऊन सुमनसमोर कसं जावं, ते मला कळेना.