खांद्यावरचा हात

किरणचा जीव सकाळपासून नुसता वर-खाली होत होता. बहिणीचा, पूनमचा फोटो आज बिरवाडीला पोचवायचा होता. "आज फोटो आला नाय तर दुसरीकडं सुपारी फोडते," असा मुलाच्या आईचा, प्रयागबाईंचा निरोप होता. आणि असं कंपनीतलं स्थळ वरंधच्या वरच्या वाडीत काही रोज चालत येत नाही.

मुंबईहून आणलेला डिजिटल कॅमेरा होता, पण फोटो निघेल तर शपथ! पूनम एकटी उभी राहिली की डोळे मिटायची. शेवटी धोंडूआत्याने तिच्या खांद्यावर हात टाकला, तेव्हा कुठे एक फोटो धड आला. तेवढ्यात बॅटरी संपली, कारण आलेला प्रत्येक फोटो अख्ख्या वाडीने फिरवून फिरवून पाहिला होता. आणि लाईट तर कालपासूनच गेलेली.

महाडच्या स्टुडिओत फोटोवाल्या सदूने कॅमेऱ्याचं कार्ड कॉम्प्युटरला लावलं.

"आत्याला काढ. लवकर!"

"काढतो की. मागचा गोठा पन काढून कारंजं टाकतो."

आत्या गेली, गोठा गेला, कारंजं आलं. हात मात्र हटेना. तो पुसायला गेलं की पूनमचा खांदाही जाई.

"बांगड्या तरी पूस," किरण घड्याळाकडे बघत ओरडला. "मंग हात कुनाच्या ध्यानातच नाय यायचा."

सदूने बांगड्या पुसल्या. जन्मभर लाकडं फोडलेला आत्याचा हात आता चांगला पैलवानाचा दिसू लागला. पण एसटी सुटायला आली होती. किरण प्रिंटवर फुंकर मारत धावत सुटला.

बिरवाडीत प्रयागबाईंनी फोटो पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ह्यो कुना बाप्याचा हात रे?"

"आत्याचा हाय."

"आत्याचा? मग बांगड्या कुठं हायत?"

"कॉम्प्युटरनं काढल्या."

"आन् आत्या?"

"ती बी."

किरणने फोटो परत घ्यायला हात पुढे केला. स्थळ तर गेलंच, वर पूनमच्या नावाला बट्टा लागणार. प्रयागबाई फोटो परत करणार, तोच त्यांची नजर कपाटावरच्या लेकाच्या फोटोवर गेली. तोही महाडचाच. तेच कारंजं, तीच फुलं. त्यांनी ह्या कारंज्याकडे पाहिलं, त्या कारंज्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"जित्या! भायेर ये! हिला घेऊन कुठं फिरत होतास रे?"

नुकताच ड्युटीवरून आलेला जितेश टॉवेलने तोंड पुसत बाहेर आला. पूनमला त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. त्याने फोटो हातात घेतला. किरणने खुलासा करायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"खरं बोल, हात तुझाच ना? तुझा असंल तर उद्याच सुपारी फोडते, लोकांनी तोंडात शेण घालायच्या आत!"

जितेश फोटोतल्या पूनमकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने मान खाली घातली.

"माझाच हाय, आये. चुकलं."