साळुंकीबाईंचं काचेचं कपाट

बालमित्रांनो, गप्प बसा. चाळिशी ओलांडलेल्या बालमित्रांनी तर मोबाइलही खाली ठेवावेत.

एका जंगलात इंदुमती नावाच्या साळुंकीबाई राहत होत्या. एके काळी त्या संगीत नाटकांत कामं करायच्या. पहिलं पद सुरू झालं की वाघसुद्धा शेपूट आवरून बसायचा, आणि पद संपलं की सगळं जंगल "वन्स मोअर!" म्हणून ओरडायचं. मग नाटकं बंद पडली. बोलपट आले, त्यात हरिणींना कामं मिळाली. पुढे हरिणींचंही वय झालं. असं चालायचंच.

बऱ्याच वर्षांनी जंगलाला जुन्या दिवसांची हौस आली. कोल्ह्याने लगेच 'सुवर्णकाळ भेटवस्तू भांडार' काढलं. साळुंकीबाईंचा नऊवारीतला फोटो असलेले कप, बोलपटातल्या हरिणींची घड्याळं, आणि कळ दाबली की बाईंचं पद गाणारी डबी. लग्न असो, बारसं असो, जो तो हेच द्यायचा. नियम एकच, खोका उघडायचा नाही. उघडला की वस्तूची शान गेली. त्यामुळे रानडुकराच्या घरी साळुंकीबाईंचे सतरा कप होते आणि तो चहा करवंटीतून प्यायचा.

एक दिवस या रानडुकराला फांदीवर खऱ्या साळुंकीबाई दिसल्या. तो दचकलाच.

"अहो, तुम्ही आहात अजून?"

"आहे की! मला काय धाड भरलीय?"

रानडुक्कर धावत कोल्ह्याकडे गेला. कोल्ह्याने आधी कपाळाला हात लावला. मग शाल-श्रीफळ घेऊन तो बाईंकडे गेला.

"बाई, येत्या रविवारी सकाळी तुमचा सत्कार."

"सत्कार नको रे बाबा. एक पद म्हणू द्या. वीस वर्षांत कुणी वन्स मोअर दिला नाही. डोळे मिटायच्या आत एकदा कानावर पडू दे."

"म्हणा की! आम्ही रसिक आहोतच," कोल्हा म्हणाला.

बाई रियाजाला बसल्या. वरचा सूर फाटत होता. त्यांनी तो सोडला आणि तिथे एक लहानशी हरकत बसवली. तरुणपणी ती त्यांना कधी सुचली नव्हती. ती सापडली त्या दिवशी बाई जेवायच्याच विसरल्या.

रविवारी मंचावर काचेचं कपाट उभं होतं.

"ही काय भानगड?" बाईंनी विचारलं.

"आत बसून गा. आवाज छान घुमतो," कोल्हा म्हणाला.

बिचाऱ्या बाई! आयुष्यभर नाटकात काम करूनही त्यांना नाटक ओळखता आलं नाही. त्या आत बसल्या. कोल्ह्याने दार लावलं. बाईंनी डोळे मिटून पद सुरू केलं आणि इकडे कोल्ह्याने डबीची कळ दाबली.

प्रेक्षक ढसाढसा रडले. "काय आवाज राखलाय!" अस्वल म्हणालं. सगळे "वन्स मोअर!" म्हणून ओरडले. बाईंनी डोळे उघडले, तर समोर नुसती तोंडं उघडमीट करत होती. काचेतून आत काहीच येत नव्हतं. मग त्यांना कोल्ह्याच्या हातातली डबी दिसली.

बाईंना फार वाईट वाटलं. त्याहून जास्त राग आला. त्यांनी चोचीने दार ढकललं आणि त्या उडून गेल्या. कोल्ह्याने पुन्हा कळ दाबली. रिकाम्या कपाटाला आणखी दोन वन्स मोअर मिळाले. रानडुकराने त्याचा फोटोही काढला.

बाई नदीवर गेल्या आणि साळुंक्या बसतात तशा डुंबणाऱ्या म्हशीच्या पाठीवर बसल्या. राग गळ्यात मावेना, म्हणून तेच पद म्हटलं. सूर दोनदा कापला. हरकत मात्र नेमकी आली.

म्हशीने रवंथ थांबवला.

"बाई, ते मघाशी वळण घेतलंस ना, ते पुन्हा घे गं."

साळुंकीबाईंना हुंदका आला. मग त्यांनी घसा साफ केला आणि पद पहिल्यापासून म्हटलं.

तात्पर्य : आवडत्या कलावंताला नेहमी काचेत ठेवावं, नाहीतर तो गायला लागतो. आणि कलावंताने रसिकांच्या भरवशावर न राहता वेळीच एखादी म्हैस धरून ठेवावी.