पंधरा क्विंटल गारवा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार किशनमामा मापाड्यांचे आहेत. हे वाक्य मामांनी वाचलं तर लगेच विचारतील, "जास्त म्हंजे किती? वजन सांग."

ते माझे सख्खे मामा नव्हेत. हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, माझे वडील हमाल होते आणि मामा तिथेच मापाडी. उभा जन्म सोयाबीन आणि तूर तोलल्यामुळे त्यांचे हात अजून स्वस्थ बसत नाहीत. पाहुणा दारात आला की आधी त्याची पिशवी उचलतात. "सव्वाचार किलो. सीताफळं दिसतात. या, बसा." शेजारच्या बारशाला बाळ तळहातांवर घेऊन त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "तीन किलो दोनशे. दुपटं धरून." बाळाच्या आजीने दवाखान्यात खात्री करून घेतली. पन्नास ग्रॅमचा फरक निघाला, तर मामा म्हणतात, "तवा लेकरू उपाशी होतं."

दुसरा त्यांचा नेम म्हणजे कुणाकडून काही घ्यायचं नाही. "मापाड्यानं कुनाचा चहाबी पिऊ न्हाई. घोटभर चहानं काटा झुकतो."

दहावीनंतर मलाही मोंढ्यात लावायचं घरात ठरत होतं. मामा आमच्या दारात येऊन वडिलांना म्हणाले, "ह्याचं माप अजून भरलं न्हाई. पोतं शिवू नका." मामी तेव्हा नुकत्याच गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. मामांनी मला अभ्यासाला आपल्या खोलीत आणून ठेवलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर झालो तो असा.

पुण्यात नोकरीत जरा स्थिर झाल्यावर, यंदा मी मामांसाठी एसी घ्यायचं ठरवलं. फोनवर सांगितलं, "मामा, दीड टनाचा घेतलाय."

"मी न्हाई म्हनलं तर?"

"आता घेतलाय."

"मंग येऊ दे. ठिवायचा का न्हाई, ते वजन पाहून सांगतो."

ज्या दिवशी एसी बसवायचा होता त्या सकाळी मी हिंगोलीला उतरलो. खोलीत पाहतो तर भिंतीला दोन जाड लाकडी थुण्यांचा टेकू, वर लोखंडी अँगल आणि उंबऱ्यावर चार हमाल खांद्यावर फडकी टाकून बसलेले.

"मामा, हे काय?"

"दीड टन म्हंजे पंधरा क्विंटल! भित काय तशीच पेलंल व्हय?"

तेवढ्यात एसी बसवणारे अन्वरभाई आले. भिंतीवर लावायचं मशीन त्यांनी खोक्यासकट काखेत धरलं होतं. हमालांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण म्हणाला, "मामा, हे उचलाया आमी चौघं? हे तर माझी म्हातारी उचलंल."

मामांनी कोपऱ्यातला काटा पुढे ओढला, खोकं काढून मशीन वर ठेवलं आणि ओरडले, "अकरा किलो तीनशे! गजू, फशिवलं तुला! पंधरा क्विंटलची पावती अन् अकरा किलो माल! ऊठ, चल दुकानात!"

"मामू, ठैरो," अन्वरभाई हसत म्हणाले. "ये वजन का टन नहीं है, ठंडक का है. दीड टन बर्फ दिवसभरात वितळला तर जेवढी ठंडक होईल, तेवढी हे मशीन देतं."

मामांनी काट्यावरच्या मशीनकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "रोज?"

"रोज."

"पंधरा क्विंटल बर्फ? रोज?" त्यांचा चेहरा फुलला. हमालांना त्यांनी ते दोनदा समजावलं, खिडकीतून शेजाऱ्यांनाही ओरडून सांगितलं. अर्धी गल्ली दारात जमली. आणि मग मामा मटकन रिकाम्या खोक्यावर बसले.

"एकल्या मानसाला पंधरा क्विंटल? काहून? परत ने, गजू."

मी हात जोडले. काही उपयोग झाला नाही. अन्वरभाईंनी मात्र वाद घातला नाही. त्यांनी मशीन टांगायचा पत्रा भिंतीला धरला, छतापासून वीतभर जागा सोडली आणि वर पाणसळ ठेवली. तिच्यातला बुडबुडा पाहून मामा उठले. "डावीकडं उचल. लई झालं. जरा खाली. हां, मधोमध! काटा बराबर!"

"मग नळीसाठी भोक पाडू?"

"पाड. डबा लावायचं मंग पाहू. भोकातून वारा तर येईल."

अन्वरभाई भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं घेऊ लागले, तसे मामा खवळले. "माझ्या घरात झुकतं?"

"मामू, पानी बाहेर जायला पाहिजे. नाहीतर तुमच्या डोक्यावर."

"बरं. पान्यापुरतं झुकव."

मी नळी घेऊन बाहेर गेलो आणि भोकाशी कान देऊन अन्वरभाईंच्या हाकेची वाट पाहू लागलो. आतून हळू आवाजातलं बोलणं ऐकू आलं.

"मामू, आता बोला. लावू का नको?"

मग मामांचा आवाज, "इथून हवा त्या खिडकीखाली जाईल का?"

"खाट तर तुमची इकडं आहे."

"माझं सोड. मी सोसतो. तिथं गजूची चटई असायची. नोकरी लागली तवापासून पोरगं मुक्कामाला थांबतच न्हाई. सकाळी येतं, संध्याकाळी जातं. म्हनतं, मामा, लई उकडतं. हवा तिथं पडंल असं लाव."

माझ्या खिशात त्याच संध्याकाळच्या गाडीचं तिकीट होतं.

अन्वरभाईंनी पत्रा हातभर सरकवला, पुन्हा पाणसळ लावून पाहिली आणि मशीन चढवलं. ते सुरू होताच दारातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा मात्र खिडकीखाली जाऊन हात वर करून उभे राहिले. "येऊन राहिली," ते म्हणाले. "बराबर इथंच येऊन राहिली."

दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं, म्हणून मी ती गाडी पकडली. फोनवरचं बोलणं मामांच्या लेखी हवेतलं, त्यांना सगळं कागदावर लागतं. पुण्याला पोचल्यावर मी हे पत्र टाकलं:

ती. मामांस सा. न.

तुम्ही अन्वरभाईंशी बोललात ते मी भिंतीच्या भोकातून ऐकलं. मी संध्याकाळीच परत जायचो ते उकडतं म्हणून नव्हे. ऑफिसात मी दिवसभर बोलतो, पण तुमच्यासमोर बसलं की एवढं केलंत त्याबद्दल काय बोलावं ते सुचत नाही. मग लाज वाटते आणि मी उठतो. उकाड्याचं नाव उगीच सांगितलं.

मे महिन्यात आठ दिवसांची रजा मिळाली आहे. राहायला येतोय. तोवर एसी बंद ठेवू नका. खाट ओढून खिडकीखाली घ्या आणि दुपारी तिथंच पडत जा. मी आलो की खाटेशेजारी चटई टाकीन.

तुमचा,
गजू