गटाराच्या झाकणावरचं लिंबू

सहदेव घाडीगावकरने सोमवारी मुलुंडच्या बाजारात चारऐवजी पाच लिंबं घेतली, तिथून या भानगडीला सुरुवात झाली. चार सरबताला. पाचवं कशाला, ते त्याने बायकोला सांगितलं नाही. (नवरा जे सांगत नाही तेच पुढे निस्तरावं लागतं. हे सगळ्या घरांत सारखंच.)

सहदेव तळमजल्यावर राहायचा. तीन मजली जुनी सोसायटी, समोर अरुंद गल्ली, आणि गल्लीच्या दोन्ही कडांना नाकाला नाक लावून उभ्या गाड्या. धोंडू झाडूवाला रोज सकाळी यायचा, मधला पट्टा झाडायचा आणि जायचा. गाड्यांखालचं राज्य वेगळं. तिथे गेल्या दिवाळीतल्या फटाक्यांचे कागद होते, त्याखाली आदल्या दिवाळीतले, आणि आणखी खाली हात घातला असता तर गिरण्या चालू होत्या तेव्हाचंही काही निघालं असतं.

गटाराचं झाकण नेमकं सहदेवच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. त्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या हर्षदची पांढरी गाडी बसलेली, अंड्यांवर कोंबडी बसते तशी. गेल्या जुलैत गटार तुंबलं आणि पाणी उलटं फिरून स्वयंपाकघरात शिरलं. पिठाचा डबा ओट्याखालून तरंगत देवघरापर्यंत गेला. तेव्हाच अनुपमाने सांगून टाकलं, "पुढच्या वर्षी हे पाणी घरात आलं तर मी कणकवलीला भावाकडे जाते. तुम्ही आणि गटार, दोघं मिळून संसार करा."

अनुपमा बोलते ते करते. एकदा थोरल्या जावेशी दोन वर्षं बोलणार नाही म्हणाली होती, ती सात वर्षं बोलली नाही.

यंदा मे महिन्यात कंत्राटदाराची माणसं गुरुवारी सकाळी सातला गटार उपसायला येणार होती. झाकणावर गाडी दिसली की ती पुढच्या गल्लीत जातात, मग परत उगवतात ती गणपती झाल्यावर. सहदेवने सोसायटीच्या ग्रुपवर विनंती टाकली. सतरा जणांनी अंगठा दाखवला. हर्षदच्या वायपरखाली चिठ्ठी खोचली, ती दोन दिवसांनी गाडीखालच्या कचऱ्यात सापडली. शेवटी त्याला जिन्यात गाठलं.

"काका, मी काढली की दुसरा लावणार," हर्षद म्हणाला. "मग मी कुठे लावू? डोक्यावर?"

त्याच संध्याकाळी सहदेवने नाक्यावर एक गोष्ट पाहिली. रस्त्याच्या मधोमध कुणीतरी उतारा टाकला होता. कापलेलं लिंबू, वर कुंकू. आणि हाच हर्षद, एमबीए झालेला, स्टेअरिंग गरागरा फिरवून त्या लिंबाला वळसा घालून आला. पन्नास विनंत्यांनी जे झालं नव्हतं ते एका लिंबाने केलं होतं.

मंगळवारी भर दुपारी, ट्रायल म्हणून, सहदेव बाहेर पडला. गाड्या ऑफिसांना गेलेल्या. ऊन असं उभं होतं की सावल्या पायांखाली शिरलेल्या. गल्लीत चिटपाखरू नाही. त्याने झाकणावर लिंबू कापून ठेवलं, कुंकू टाकलं. खरं तर एवढ्यात भागलं असतं. पण माणसाने टपाल खात्यात पस्तीस वर्षं कारकुनी केलेली, अर्जाला तीन जादा कागद जोडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्याने काळे उडीद टाकले. अनुपमाच्या परातीतून चोरलेल्या कणकेची वीतभर बाहुलीही ठेवली. डोकं मोठं, मान बारीक. डोळ्यांच्या जागी दोन मिरी दाबली. आणि ती मिरी बसताच बाहुली अशी काही बघायला लागली की सहदेव पाठ न फिरवता, उलट्या पावलांनी घरात आला.

दिवेलागणीला हर्षदची गाडी वळली. उजेड बाहुलीवर पडला. गाडी थांबली. पाच मिनिटं कुणी उतरलं नाही, हॉर्न नाही, गाणी नाहीत. मग गाडी सावकाश मागे मागे गेली आणि दिसेनाशी झाली. तिच्या मागची आली, तीही तशीच गेली. आठ वाजेपर्यंत ती अख्खी कड रिकामी झाली होती. कित्येक वर्षांत पहिल्यांदा तिथला रस्ता दिसत होता, आणि तो बघून कुणाला बरं वाटत नव्हतं. पोरं खेळायला उतरली नाहीत. खिडक्या एकेक करून बंद झाल्या. गल्लीतला लंगडा कुत्रा झाकणापर्यंत आला, थबकला, आणि भुंकायचं सोडून नुसता मागे सरकला.

सहदेव मनात हसत होता. मग अनुपमा भांडी घासता घासता खिडकीतून खाली डोकावली.

"अहो," ती म्हणाली. आवाज एवढा हळू की सहदेवचं हसू विरलं. "ह्या माझ्याच खिडकेखाली कित्याक ठेवल्यानी?"

तिने मालवणी काढली की पाणी डोक्यावरून गेलं असं समजावं. सहदेवने तोंड उघडलं. खरं सांगायची हीच वेळ होती. तो म्हणाला, "असेल कुणाचं तरी."

"कुणाचं तरी नाही. आपल्यावर केलंय कुणीतरी." तिने गॅस बंद केला. त्या रात्री जेवण हॉलमध्ये, दूध-पोहे.

बुधवारी पहाटे सहदेवला खराट्याचा आवाज ऐकू आला. खर्र. खर्र. अगदी खिडकीखाली. धोंडू तर साडेसातशिवाय येत नाही. तो अंधूक उजेडात खिडकीशी गेला तोवर आवाज थांबला होता. खाली कुणी नव्हतं. पण बाहुलीभोवतीचा रस्ता गोल, ताटाएवढा, लख्ख झाडलेला. आणि त्या गोलात दोन लिंबं होती.

त्याने डोळे चोळले. त्याने एकच ठेवलं होतं. एकच लिंबू जादा घेतलं होतं, एकच कापलं होतं. आणि काल बाहुलीचं तोंड रस्त्याकडे होतं. आता ते खिडकीकडे होतं.

"धोंडू," त्याने सकाळी झाडूवाल्याला विचारलं, "तू झाडलंस का रे इथे?"

"मी?" धोंडू दहा पावलं लांबूनच बोलला. "त्या बाजूला माझी सावलीपण नाही गेली, साहेब."

दुपारी चार लिंबं झाली. तिन्हीसांजेला सहा. एकाशेजारी हिरव्या काचेच्या बांगड्या, नव्याकोऱ्या, जोडीने. सहदेवच्या अंगात कणकण आली. आपण खोटं काहीतरी बोलावलं आणि खरंच काहीतरी आलं, असं त्याला वाटू लागलं, आणि ही गोष्ट सांगायला जगात फक्त अनुपमा होती. ती आतल्या खोलीत बॅग भरत होती.

"पाणी तर अजून आलं नाही," तो म्हणाला.

"पाणी परवडलं. ते डोळ्यांना दिसतं तरी."

एवढ्यात बेल वाजली. दारात सेक्रेटरी सुबोध आणि त्याच्या मागे हर्षद.

"घाडी, तुम्हीच आता काहीतरी करा," सुबोध म्हणाला.

"मी काय करणार?"

"म्हणजे? आडनावातच घाडी ना? तुमच्याकडे कौल लावतात, भुताखेताचं बघतात."

"माझे आजोबा बघायचे. मी मनीऑर्डरी बघायचो."

"रक्तात असतं ते काका," हर्षद म्हणाला. तो उंबऱ्याबाहेरच उभा होता. "तुम्ही मंत्र बोला, उचला. आम्ही खिडकीतून आहोतच."

गुरुवारी सात वाजता कंत्राटदाराची माणसं आली. फावडी, लांब सळया, घमेली. गल्लीची कड मोकळी बघून मुकादम खूश झाला. मग त्याने झाकण पाहिलं. नऊ लिंबं, बांगड्या, आणि मधोमध ती बाहुली, खिडकीकडे बघणारी.

"आमची पोरं हात लावणार नाहीत," मुकादम म्हणाला.

"गाडी नाहीये तरी?"

"एकवेळ गाडी ढकलली असती. हे कोण ढकलणार? चला रे, पुढची गल्ली."

माणसांनी फावडी खांद्यावर टाकली. सहदेवने वळून पाहिलं. अनुपमा बॅग घेऊन दारात उभी होती. वर सगळ्या खिडक्यांत तोंडं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने कुणाला न विचारता निर्णय घेतला.

"थांबा. ते मी ठेवलंय."

माणसांनी फावडी खाली टेकवली.

"गाडी लागू नये म्हणून. लिंबू माझं, बाहुली माझी. कणीक हिच्या परातीतली."

"आणि बाकीची आठ?" मुकादमाने विचारलं.

सहदेवने वर खिडक्यांकडे पाहिलं. मग अनुपमा म्हणाली, "एक माझं. आपल्यावर आलेलं परत पाठवायला. लिंबू जागा झाडून ठेवायचं असतं, म्हणून पहाटे झाडली. आणि त्या बयेचं तोंड रस्त्याकडे होतं, ते फिरवलं. आमच्याकडे पाठ करून बसते म्हणजे काय?"

सुबोध खिडकीतून खाकरला. "एक आमच्या हिच्या गुडघ्याचं. म्हटलं, जागा झालीच आहे, तर."

"माझं प्रमोशनचं," हर्षद म्हणाला.

मग वरून एकेक आवाज येत गेला. सासू, व्हिसा, मुलाची बारावी. नऊच्या नऊ लिंबांना मालक मिळाले. हिरव्या बांगड्या मात्र कुणाच्याच निघाल्या नाहीत. सहदेवने दोनदा विचारलं. खिडक्यांमधली तोंडं एकमेकांकडे बघत राहिली, आणि दोन खिडक्या बंद झाल्या.

त्याने सगळं हातांनी उचललं. बांगड्या उचलताना त्या मे महिन्याच्या उन्हातही गार लागल्या, पण हे त्याने कुणाला सांगितलं नाही. माणसांनी झाकण काढलं. सात घमेली गाळ निघाला, त्यात तीन चेंडू, एक दुधाची पिशवी आणि हर्षदची नंबर प्लेट. मग त्यांनी झाकणाच्या जागी नवी जाळी बसवली आणि माणसं पुढच्या गल्लीत गेली.

सहदेव घराकडे वळला. अनुपमाने दारात हात आडवा धरला. "हे सगळं हाताळून आत? तिथेच उभे राहा."

तिने बादली आणली आणि भर रस्त्यात, सगळ्या सोसायटीसमोर, बनियन-लेंग्यातल्या त्याच्या डोक्यावर ओतली. मग दुसरी. मग तिसरी. सहदेवचा ऊर भरून आला. म्हणजे बॅग परत कपाटावर जाणार. बाई आपल्यावरचं सगळं धुऊन काढतेय, एवढ्या माणसांत, इतक्या मायेने. सहाव्या बादलीला तो कुडकुडत, डोळे मिटून म्हणाला, "बस गं आता. गेलं असेल ना सगळं?"

"जातंय की नाही तेच बघतेय," अनुपमा खाली वाकून म्हणाली. "तुम्ही जरा बाजूला सरका. जाळीवर उभे आहात."