टिपणीस सरांची पुरचुंडी

आमच्या परळच्या बिल्डिंगीत टिपणीस सर तेवढे कुणाला "कसे आहात?" असं विचारत नाहीत. ते विचारतात, "काय रे, बॉयलर चालू?" आसपासच्या गिरण्यांचे बॉयलर कधीच थंड झाले, पण सरांच्या मते प्रत्येक जिवाच्या आत एक बॉयलर असतो आणि तो चालू आहे की नाही एवढाच प्रश्न विचारण्यासारखा आहे.

सर शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले ते फक्त शाळेतून. गच्चीवर प्राणायाम करणाऱ्या बायकांना त्यांनी एकदा ऐकवलं, "नाक हा नुसता दरवाजा आहे. खरा श्वास पेशीत चालतो. अन्न तिथे जळतं, सावकाश, धुराशिवाय." दुसऱ्या दिवसापासून बायकांनी प्राणायामाची वेळ बदलली. लिफ्टमध्ये कुणी फोनवर बोलायला लागलं की सर म्हणतात, "आधीच कोंदट आहे, त्यात तुम्ही जास्तीचा वायू सोडताय." लोक मुकाट्याने जिने चढतात.

लग्नाच्या पंक्तीत शेजारच्या पानावरची जिलबी बघून ते म्हणणार, "शेवटी काय? पाणी, वायू आणि ऊब." माणसाचा घास घशाखाली उतरत नाही. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, वालाचं बिरडं केलं तरी सरांचा अभिप्राय तोच. त्यावर काकू एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या होत्या, "आणि मी तासभर वाल सोलले त्याचं काय होतं? तेही वायूच का?" सरांनी खाली बघून आणखी बिरडं वाढून घेतलं.

काकू गेल्या आणि सरांच्या डोक्यात वाल शिरले.

म्हणजे असं, की ते स्वतः वाल भिजत घालायला लागले. भिजवायचे, ओल्या फडक्यात बांधायचे, मोड आणायचे. मोड येताना दाणे जोरात श्वास घेतात आणि पुरचुंडी आतून गरम होते, हा त्यांचा शाळेतला आवडता प्रयोग. बरं, करावा प्रयोग. पण आता या वयात स्वतःला वाल सोसत नाहीत. मग मोड आले की सर दारोदार वाटत फिरणार. पहिल्यांदा सगळ्यांनी कौतुकाने घेतले. पुढेपुढे सरांच्या चपलांचा आवाज आला की जिन्यावरची दारं भराभर बंद व्हायला लागली. माझी बायको सुनीता भिडस्त. ती घ्यायची आणि मग माझ्यावर वैतागायची. "सोलून सोलून नखं दुखायला लागलीत माझी. तुम्ही सांगा ना त्यांना, आता बस करा म्हणून!" मी आज सांगतो, उद्या सांगतो करत राहिलो. एक पुरचुंडी वाटायला निघाली की घरात दुसरी बांधलेली असायचीच. एवढी घाई कशाची, हे काही मला कळत नव्हतं.

मे महिन्यात त्यांची मुलगी त्यांना एका रात्रीसाठी अँटॉप हिलला घेऊन गेली. नातीचा वाढदिवस होता. जाण्याआधी सर पुरचुंडी घेऊन आमच्या दारात उभे. "अगं सुनीता, एवढं सांभाळ. पाणी शिंपडत जा. दाबून ठेवू नकोस, त्यांना हवा लागते." तान्हं मूल सोपवावं तसं चाललं होतं. लिफ्टपर्यंत जाऊन ते परत आले आणि तेच पुन्हा सांगून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आले, ते मुलीने दिलेला केकचा डबा तसाच हातात धरून. सुनीताने पुरचुंडी आणून दिली. सरांनी तळहात ठेवला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे गार आहे."

"अहो सर, उकाडा केवढा आहे! बुळबुळीत झाले असते, वास मारला असता. म्हणून फ्रीजमध्ये ठेवले," सुनीता म्हणाली. कुठलीही गृहिणी हेच करेल.

"बरोबर केलंस हो. थंडीत श्वास मंदावतो. टिकतात," सर म्हणाले. वाक्य वर्गातलं होतं, आवाज मात्र नव्हता. दाराशेजारच्या खुर्चीवर ते मटकन बसले. डबा खाली ठेवायचंही त्यांना सुचेना.

मी त्यांना हाताला धरून घरी नेलं. "कुठे ठेवू?" मी विचारलं. मला वाटलं, स्वयंपाकघरात. त्यांनी आतल्या खोलीतल्या पलंगाकडे बोट केलं. पलंगाच्या एका बाजूची चादर चुरगळलेली होती. दुसरी बाजू सपाट होती आणि काकूंच्या उशीशेजारी प्लास्टिकच्या तुकड्यावर पाण्याचा वाळलेला गोल डाग होता. मी पुरचुंडी तिथे ठेवली. मला फार वाईट वाटलं. सुनीताचा निरोप सांगितला नव्हता हे बरंच झालं.

सर शेजारी बसले आणि त्यांनी पुरचुंडीवर हात ठेवला.

"घरात मी एकटाच श्वास घेतो रे," ते म्हणाले. "रात्री दिवा मालवला की ते ऐकू येतं. हे असले की बरं वाटतं. हात ठेवला की कळतं, आणखी कुणीतरी घेतंय."

खिडकीखाली भंगारवाला ओरडत होता. सरांचा हात हलला नाही. शेवटी मीच विचारलं, "होतील ना हो परत गरम?"

"जिवंत असले तर होतील."

"आणि नसले तर? कसं ओळखायचं?"

"हात ठेवून थांबायचं," सर म्हणाले. "दुसरी रीत नाही."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिच्या वेळीही थांबलो होतो."