नवव्या प्रकरणातली खबरदारी

प्रेमकथा छापणाऱ्या त्या प्रकाशनगृहात सोमवारी सकाळी अकरा वाजता तातडीची बैठक बोलावण्यात आली. विषय एकच होता. लेखिकाबाईंच्या नव्या कादंबरीत, नवव्या प्रकरणात, नायकाने खिशातून कंडोम काढला होता.

बाईंच्या आधीच्या अडतीस कादंबऱ्यांत नायकाच्या खिशातून पत्र, फूल, फार तर अंगठी निघाली होती. नवव्या प्रकरणात दिवे जायचे, दहाव्यात नायिकेला मळमळायचे आणि मग एकतिसाव्यापर्यंत ती रडायची. वाचकवर्ग तिच्या जोडीने रडायचा आणि पुढचे पुस्तक मागायचा. घडी छान बसली होती. ती विस्कटली बाईंच्या भाचीने. भाची दवाखान्यात नर्स होती आणि बोलायला फटकळ.

"मावशी, काल एक विशीची मुलगी आली. रडून रडून डोळे सुजलेले. म्हटलं, अगं, काही काळजी घ्यायचीस ना! तर म्हणते, खऱ्या प्रेमात कोणी तयारी करून येतं का? पर्समध्ये तुझंच पुस्तक होतं. नवव्या प्रकरणाचं पान दुमडलेलं."

बाईंना त्या दिवशी जेवण गेले नाही. अडतीस पोरींना आपणच खड्ड्यात ढकलले, असे वाटून त्यांना भडभडून आले. एकोणचाळिसावीला वाचवायचेच, असे ठरवून त्यांनी ते एक वाक्य लिहिले. ते वाक्य आता टिकते की नाही, एवढाच प्रश्न होता.

संपादकांनी घसा साफ केला. "वाक्याला आमचा तत्त्वतः विरोध नाही. फक्त सदर वस्तू त्याच्या खिशात आली कुठून?"

"दुकानातून," बाई म्हणाल्या.

"म्हणजे आधीच घेतली. म्हणजे डोक्यात आधीपासून होतं," विक्रीप्रमुख म्हणाले. "मग हे प्रेम कसलं? हा तर कट झाला."

सबब नायकाला ऐनवेळी दुकानात धाडण्यात आले. पण दुकानात गर्दी, आणि दुकानदार निघाला नायकाच्या वडिलांचा मित्र. नायकाने खोकल्याचे औषध मागितले. तीन खेपांत त्याच्याकडे खोकल्याच्या तीन बाटल्या जमल्या आणि इकडे नायिका कंटाळून झोपी गेली. तो मसुदा रद्द झाला.

"मग तिच्याच पर्समध्ये असू दे," बाईंनी सुचवले.

मुद्रितशोधकाने चष्मा काढून पुसला. "चांगल्या घरच्या मुलीला असलं काही माहीत असतं?" विक्रीप्रमुखांनी खालच्या आवाजात विचारले. त्यांना स्वतःला दोन मुले होती, दोघांत मोजूनमापून पाच वर्षांचे अंतर होते, आणि हे अंतर कसे पडले याबद्दल त्यांना कधी कोणी विचारले नव्हते.

शेवटी कुटुंबातील एका जबाबदार व्यक्तीने वस्तू सुपूर्द करावी, असा तोडगा निघाला. नायकाच्या आत्याची एकमताने निवड झाली. नव्या मसुद्यात आत्याने दोघांच्या डोक्यावरून हात फिरवला, पोचपावतीवर सह्या घेतल्या आणि जाताना खोलीचे दार सताड उघडे ठेवले.

संपादकांची खरी अडचण वेगळीच होती. "गर्भ नाही, तर गैरसमज नाही. गैरसमज नाही, तर ताटातूट नाही. बाई, चौऱ्याण्णवाव्या पानावर ही दोघं सुखी आहेत. पुढची दोनशे पानं मी काय छापू?"

"तो फाटू दे की," विक्रीप्रमुख म्हणाले.

सगळ्यांचे चेहरे उजळले. संदेशही दिला जात होता आणि कथानकही वाचत होते. संपादकांनी ठराव लिहायलाही घेतला.

बाई उठून उभ्या राहिल्या. "फाटणार नाही. आत्याही येणार नाही. वाक्य जसंच्या तसं छापा, नाहीतर चाळिसावी कादंबरी मी समोरच्या प्रकाशकाला देते."

पुस्तक निघाले. चौऱ्याण्णव पानांचे, अंगाने बारीक. महिनाभरात पोतेभर पत्रे आली. "नायिकेचे काहीच हाल नाहीत, मग आम्ही वाचायचं काय?" असे एकीने विचारले होते. "इतकं सगळं करून सुखात राहिली, म्हणजे वळणाची मुलगी नसणार," असे दुसरीचे मत पडले.

बाई पत्रे घेऊन तडक भाचीकडे गेल्या. "तू तरी सांग. तुला आवडली ना?"

"मनापासून आवडली गं मावशी. वीस प्रती दे, दवाखान्यात ठेवते." मग भाची जरा घुटमळली. "फक्त ना, मी रुमाल घेऊन बसले होते. वाटलं, आता हिला चक्कर येईल, मग येईल. आलीच नाही. थोडी मिळमिळीत वाटली."

भाचीवर रागावण्यात अर्थ नव्हता. वाचकहो, तुम्हीसुद्धा या एकोणचाळिसाव्या पोरीचे कधी आणि कसे बिघडते याची वाट बघतच इथवर आलात, आणि बिघडले असते तर बोट तिच्याकडेच दाखवणार होतात.