परशुराम पाटलांच्या भाषणाचा विषय

परशुराम पाटलांचा आवाज कोलशेतपासून पार खाडीपलीकडच्या गावांपर्यंत ओळखीचा होता, पण त्या आवाजात त्यांनी स्वतःचं असं एक वाक्य कधी म्हटलं नव्हतं. आगऱ्यांच्या घरी हळद असली की माइक त्यांच्याकडे. मांडवात येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, गाव आणि मान पुकारायचा. एखादं नाव सुटलं तर तो पाहुणा न जेवता उठतो आणि त्याच्या घरच्या हळदीचं आमंत्रण आपल्याला येत नाही. परशुरामांकडून नाव सुटत नसे. (स्वतःच्या लग्नाची तारीख मात्र दर वर्षी सुटे.)

त्यामुळे ते राहत त्या टॉवरच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे त्र्यंबकराव लिफ्टमध्ये म्हणाले, "पाटील, वर्धापनदिनाला तुम्ही दहा मिनिटं बोला. विषय तुमच्या आवडीचा," तेव्हा परशुरामांना चक्क गहिवरून आलं. एकदा तरी माइकवर आपलं काही बोलावं, आणि बायकोनं, मनुबाईनं, ते समोर बसून ऐकावं, एवढीच त्यांची जन्माची हौस होती.

आता विषय शोधणं आलं. मुलगा हितेश म्हणाला, "पप्पा, फिटनेसवर बोला ना." मग त्यानं वडिलांच्या पोटाकडे बघून विषय मागे घेतला. 'आजची तरुण पिढी' घ्यावा, तर हितेशच रुसला. 'पाणीप्रश्न' उत्तम होता, पण सोसायटीला टँकर सख्ख्या पुतण्याचे.

मनुबाई कोलंबी सोलत होती. "ताजी मासली कशी वळखायची ते सांगा," ती म्हणाली. "या टावरवाल्यांना कोनी पन फसवतंय."

खरं तर हा विषय सगळ्यांत चांगला होता. पण हौस जन्माची आणि विषय मासळीचा, हे परशुरामांना कसंसंच वाटलं.

मग एका संध्याकाळी गॅलरीत उभं असताना त्यांना विषय सापडला. खाली जिथे क्लब हाऊस आहे तिथे पूर्वी मिठागर होतं. तेव्हा एकदा त्या मिठागराच्या बांधावरून एक पोरगी डोक्यावर मिठाची पाटी घेऊन चालली होती. हिरवं लुगडं. तिनं वळून बघितलं आणि हसली. पांढऱ्या ढिगांवरच्या उन्हात तिचा चेहरा धड दिसला नाही, हसू तेवढं दिसलं. तरण्या परशुरामांनी ती कुठल्या घरात शिरली ते पाहिलं आणि बापाकरवी त्या घरी मागणी घातली. लग्नानंतर मनुबाई तशी पुन्हा हसली नाही. (संसारात कोण हसतं?) मिठागर गेलं, टॉवर आला, पण ते हसू पुन्हा बघायला मिळावं म्हणून परशुरामांचा जीव अजून तुटत होता. विषय ठरला, 'आमचं मिठागर'. मनुबाईला त्यांनी पत्ता लागू दिला नाही.

वर्धापनदिनाला मनुबाई गजरा माळून पहिल्या रांगेत बसली. परशुरामांच्या हातात माइक आला आणि तोंड आपल्या जुन्या वाटेनं निघालं. "व्यासपीठावरील सन्माननीय त्र्यंबकराव, त्यांचं स्वागत." मग खजिनदार. मग ए विंग. मग बी विंगला राग नको म्हणून बी विंग. पाहुणे, केटरर, वॉचमन. लोकांनाही चव लागली. मागून कुणी हात वर करून म्हणे, "पाटील, आमचं राहिलं." प्रत्येक नावाला टाळ्या पडत होत्या. अखेर घाम पुसून परशुराम म्हणाले, "तर माझा विषय आहे, आमचं मिठागर," आणि त्र्यंबकरावांनी वेळ संपल्याची घंटा वाजवली.

"अप्रतिम," त्र्यंबकराव म्हणाले. "पुढच्या वर्षी स्वागताचं काम तुमच्याकडेच."

कार्यक्रमानंतर दोघं खालच्या बागेत बाकावर बसली. परशुरामांना रडूच यायचं बाकी होतं.

"सगल्यांची नावा घेतली," मनुबाई म्हणाली. "वॉचमनचा घेतला. माझा नाय."

"अगं, भाषणच तुझ्यावर होता."

"मंग सांगा आता."

परशुरामांनी सांगितलं. माइक नाही, टाळ्या नाहीत. बांध, ऊन, पाटी, लुगडं, हसू. इतकं नीट ते उभ्या आयुष्यात बोलले नव्हते. मनुबाई खाली मान घालून ऐकत राहिली.

"लुगडा हिरवा व्हता?" तिनं विचारलं.

"हिरवाच."

"ती सरोज. माझी मोठी बहीन. मी कवा मिठागरान गेलीच नाय, मी घरान चुलीपाशी."

परशुराम बाकावरच तिच्याकडे वळले. "पन मी मागनी घातलेली..."

"तुमी घर सांगितला. पोरीचा नाव नाय सांगितला. सरोजचा जमलेला व्हता, बापानं मना पुढं केली." तिनं गजरा सारखा केला. "बरा झाला घंटा वाजली. सरोज मागच्या रांगेन बसलेली, नवऱ्याला घेऊन. मीच बोलावलेली."

आणि मनुबाईला हसू फुटलं. पदर तोंडाला लावूनही आवरेना. परशुराम बघतच राहिले. अगदी तसंच हसू. पण 'तसंच' म्हणजे कुणासारखं, हे बायकोला सांगायची आता सोय उरली नव्हती.